तास मोजायचे की उणिवा शोधायच्या?

सनद मिळाली म्हणून वकिलाचं शिकणं संपत नाही, हे न्यूयॉर्कलाही मान्य आणि इंग्लंडलाही. ते तपासायचं कसं, इथे वाटा फुटतात.

न्यूयॉर्कचा हिशेब रोखठोक आहे. अनुभवी वकिलाला दर 2 वर्षांत 24 क्रेडिट तास (मान्य अभ्यासक्रमांत शिकल्याचे तास), त्यातले किमान 4 व्यावसायिक नीतिमत्तेचे. नवख्याला पहिल्या 2 वर्षांत 32. पण ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या व्हिडिओत मध्येच येणारा कोड टिपून घेतला, की तास जमा. डोक्यात काय शिरलं ते कोण बघतो?

इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटरांनाही (तिथल्या वकिलांचा एक वर्ग) वर्षाला 16 तासांची अट होती. नोव्हेंबर 2016 मध्ये ती गेली. आता आपण कुठे कमी पडतो ते स्वतःच ओळखायचं, तेवढं शिकायचं आणि दरवर्षी तसं जाहीर करायचं. मला हेच पटतं. अर्थात, स्वतःशी खोटं न बोलणाऱ्यालाच ते मानवतं.

आपल्याकडे बार परीक्षा एकदा पास झालात की सक्ती संपली. 1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम 302 जाऊन 103 आलं, तेव्हा जुन्या-नव्या कलमांचे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरले. फसवणुकीच्या प्रकरणात अजूनही आधी ‘420’ तोंडात येतं, मग जीभ चावून ‘318, पोटकलम 4’.