149 रुपयांचे दहा सेल आणि लॉकरची किल्ली

सांगायला लाज वाटते, कारण मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. विद्युतघट, धन टोक, ऋण टोक, अंतर्गत रोध, सगळं फळ्यावर आकृत्या काढून. आणि मला फसवलं ते बटण सेलच्या एका पाकिटाने.

आमच्या घरी वस्तू रोज हरवतात. म्हणून मुलाने दोन वर्षांपूर्वी चार एअरटॅग, म्हणजे हरवलेली वस्तू फोनवर शोधून देणाऱ्या अ‍ॅपलच्या चकत्या, आणून दिले आणि सोबत त्याचा जुना आयफोन. एक घराच्या जुडग्याला लावला, एक यांच्या पाकिटात, एक स्कूटरच्या सीटखाली, एक माझ्या कापडी पर्समध्ये. या चकतीत जीपीएस नसतं. ती ब्लूटूथवर आपली हाक देत राहते आणि जवळून जाणारा कोणाचाही आयफोन ती ऐकून जागा कळवतो. त्यामुळे डोंबिवली स्टेशनच्या गर्दीत तिचा झकास उपयोग होतो, आणि आमच्या गावच्या वाडीत जवळजवळ शून्य. चार्जिंगची भानगड नाही. आत सीआर 2032 सेल असतो आणि तो साधारण वर्षभर पुरतो, असं कंपनी सांगते. आमचे पहिले सेल वर्षापेक्षा थोडे जास्तच टिकले.

मग बदलायची वेळ आली. फडके रोडवर नामांकित कंपनीचा एक सेल 60 रुपयांना मिळत होता. फोनवर बघितलं तर त्याच कंपनीचं नाव असलेलं दहाचं पाकीट 149 ला, वर 4.3 तारे. मी लगेच मागवलं. पेन्शनीत घर चालवणाऱ्या बाईला असा हिशेब पाठच असतो.

सेल आले ते एका प्लास्टिकच्या पट्टीत, पाकिटावर वापरायची मुदत छापलेली नव्हती. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण चकती दाबून उलटी फिरवली, झाकण निघालं, धन बाजू वर करून सेल बसवला आणि ‘टिंग’ असा आवाज आला. चारही चालू. उरलेले सहा डब्यात, डबा फ्रिजवर.

पाच आठवड्यांनी भर पावसात शेअर रिक्षातून उतरताना पर्स सीटवरच राहिली. पैसे फार नव्हते, चष्मा होता, आणि बँकेच्या लॉकरची किल्ली होती. घरी येऊन आयफोन उघडला. पर्सच्या नावापुढे लिहिलेलं: शेवटचं दिसलं 9 दिवसांपूर्वी. जागा म्हणून आमचंच घर. म्हणजे चकती नऊ दिवस आधीच, माझ्या कपाटात असताना, गेलेली होती. ती जिवंत असती तर वस्तू मागे राहिल्याची सूचना मला रस्त्यातच मिळाली असती. सेल संपत आल्याची सूचनासुद्धा आली नव्हती. रिक्षा सापडली नाही. लॉकर फोडून नवं कुलूप बसवण्याचे बँकेने 4,000 च्या आसपास घेतले, आणि तो फोडताना समोर उभं राहून बघावं लागलं, ते वेगळंच.

बाकीच्या तीन चकत्या तपासल्या. दोन मेलेल्या, एक धुगधुगी धरून. आधी मला वाटलं, कडू लेपाची भानगड असेल. मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू लेप देतात, आणि तो लेप नेमका संपर्काच्या जागी आला तर एअरटॅग चालत नाही, हे खुद्द अ‍ॅपलनेच सांगून ठेवलंय. स्पिरिटने पुसून पाहिलं. काही नाही. मग मल्टिमीटर लावला तर 3.1 व्होल्ट! सेलचे व्होल्ट 3. म्हणजे सेल ठणठणीत?

विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘मॅडम, व्होल्टेज बरोबर आहे, सेल चांगला आहे, तुमचं डिव्हाइस खराब असेल. रिटर्नची मुदत 7 दिवस होती.’ आणि खरं सांगते, मी ते मानलं. नवी चकती घ्यायच्या विचारातही होते.

वाचवलं ते घड्याळ दुरुस्तीवाल्याने. माझाच जुना विद्यार्थी, अभ्यासात यथातथाच. त्याने सेल बोटांत धरला आणि म्हणाला, ‘बाई, हा हलका लागतोय.’ शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला, 2.2 ग्रॅम. त्याच्या दुकानातला त्याच आकाराचा चांगला सेल ठेवला, 3 ग्रॅम. सोनार म्हणाला, ‘हल्ली लोक सोनं सोडून सेल मोजायला येतात का?’

मग पोराने मला माझाच धडा वाचून दाखवला. ‘बाई, लोड न लावता, म्हणजे सेलला काही काम न देता, मोजलंत तर मेलेला सेलपण 3 दाखवतो. तुम्हीच तर शिकवलं होतंत.’ शिकवलं होतं खरं. चकती संदेश सोडताना क्षणभर काही मिलिअ‍ॅम्पियर खेचते. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला सेलच्या आतच होणारा अडथळा, कमी असतो, म्हणून तेवढं ओझं तो सहज उचलतो. वाईट सेलचे व्होल्ट त्या क्षणी कोसळतात, चकती बंद पडते, आणि हात लावायला जावं तर मीटरवर पुन्हा साळसूदपणे 3. मी घरी 220 ओमचा रोध जोडून मोजलं. दुकानातला सेल 3 च्या जवळ राहिला. माझा 1.9 वर आला. डब्यातले न वापरलेले सहा त्याच लायकीचे.

ही फसवणूक कशावर चालते, ते तेव्हा कळलं. वाईट सेल पहिल्या दिवशी चालतोच. ‘टिंग’ वाजतं, माणूस खूश होऊन पाच तारे देतो. सेल मरतो तीन-चार आठवड्यांनी आणि रिटर्नची मुदत असते सात दिवसांची. मधल्या दिवसांवर विक्रेत्याचं दुकान चालतं. शिवाय 149 रुपयांसाठी कोण भांडायला येतो? मी मागे जाऊन ते अभिप्राय नीट वाचले, तर निम्मे लोक ‘पट्टा मऊ आहे, हाताला टोचत नाही’ असं लिहीत होते. संकेतस्थळाच्या त्याच पानावर आधी घड्याळाचा पट्टा विकत होते आणि तारे तसेच सेलला चिकटवले होते.

‘रिचार्जेबल’ म्हणून जो एलआयआर 2032 विकतात, त्याच्या नादी लागू नका. आकार तोच, पण भरल्यावर 4.2 व्होल्ट, आणि आत साठा चाळीसेक मिलिअ‍ॅम्पिअर-तासांचा. साध्या सेलमध्ये तो दोनशेच्या पुढे असतो. सीआर 2025 सुद्धा नको. नावातल्या आकड्यांतच माप आहे: 20 मिमी व्यास, 2.5 मिमी जाडी. आपल्याला 3.2 हवी, नाहीतर आत सैल बसतो.

हे चालू असताना काढलेले सेल मी खिडकीत ओळीने मांडून ठेवले होते. सूनबाईंनी बघितलं आणि नातवाला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. तिचं बरोबर होतं. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो, मग तो घड्याळ चालवण्याच्या लायकीचा नसला तरी. आता दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवते आणि ई-कचऱ्यात देते.

तक्रार केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन लावला आणि संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहिलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. सोबत वजनाच्या काट्याचा फोटो, ऑर्डर क्रमांक, रोध जोडून मोजलेले व्होल्ट, सगळं जोडलं. बाविसाव्या दिवशी 149 रुपये परत आले. लॉकरचे अर्थातच नाहीत.

ते पान संकेतस्थळावरून गायब झालं. गेल्या आठवड्यात सहज शोधलं, तर तोच फोटो, तेच दहाचं पाकीट, विक्रेत्याचं नाव वेगळं, किंमत 139. 4.4 तारे. अभिप्राय उघडले तर पहिल्यात कोणीतरी लिहिलं होतं, ‘झाकण घट्ट बसतं, डाळ सांडत नाही.’