युगांडातली दोन आठवड्यांची मिशन ट्रिप: सहा महिन्यांनंतर

नवव्या पाईपला भोक पडलं. शुक्रवारी दुपारी युगांडातल्या लिराकडून तिथल्या हापसा-मेकॅनिकचा निरोप आला आणि फेब्रुवारीपासून राहून गेलेलं हे लिहायला बसलो. लस कुठे टोचून घ्यायची, व्हिसा ऑनलाइन कसा काढायचा, हे जाणाऱ्यांनी एव्हाना विचारून घेतलंच असेल. त्यात वेळ घालवत नाही.

मी जालन्याचा. जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकात ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या नऊ जणांबरोबर सेवेला गेलो. माझा एकट्याचा खर्च १ लाख ३८ हजार. त्यात तिकीट ५६ हजार, व्हिसाचे ५० डॉलर, आणि बाकी बहुतेक नेणाऱ्या संस्थेचं सहभाग शुल्क. पेन्शनीतला पैसा, म्हणून रुपया न् रुपया वहीत लिहून ठेवला होता.

चौदा दिवसांतले चार येण्याजाण्यात गेले. एन्टेबेला उतरायचं, कंपालावरून वर निघायचं, करुमाच्या पुलावर नाईल ओलांडायची, मग लिरा. पुढचे चार दिवस शाळेची भिंत रंगवली. एका ठिकाणी पोपडा निघाला तर खाली आकाशी रंग, त्याच्याखाली पिवळा. म्हणजे आमच्याआधी दोनदा हीच भिंत रंगवून झाली होती. संस्थेच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "अंकल, दहा जणांना एकत्र लावता येईल असं हेच काम आहे." आणि रस्त्यापलीकडे बंद हापसा उभा! वीस लिटरचे पिवळे कॅन घेऊन पोरी त्याच्यासमोरून पुढे दलदलीतल्या खड्ड्याकडे जायच्या, आणि आम्ही हातात ब्रश घेऊन उभे. ते मला फार लागलं. अजून लागतं.

तो हापसा मी लांबूनच ओळखला होता. इंडिया मार्क टू. तिकडे यू-टू म्हणतात, पण डोकं तेच, साखळी तीच, दांडा तोच. साठच्या दशकात आमच्याकडे ओतीव लोखंडाचे पंप असायचे, एका घरापुरते केलेले. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की मोडायचे. म्हणून जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने पोलादी पंप केला, जालना पंप. पुढे सोलापुरात तो सुधारला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने त्याच वाटेने जाऊन मार्क टू घडवला. ज्या मिशनच्या आवारात मी लहानाचा मोठा झालो, तिथून निघालेली वस्तू आफ्रिकेतल्या लाल मातीत उभी बघून माझे डोळे भरून आले. त्या रात्री मी प्रार्थनेत दुसरं काही मागितलंच नाही. हा हापसा चालू होऊ दे, एवढंच.

नवव्या दिवशी परवानगी मिळाली. तिथला मेकॅनिक बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, क्लॅम्प आणि पान्हे बांधून आला. मार्क टूचं वायसर बदलायचं तर सगळे पाईप वर काढावे लागतात, हे पथकात काम केलेल्याला सांगायला नको. ३६ मीटर खोली, तीन-तीन मीटरचे बारा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी, पाईप. आमची पोरं आणि गावची पोरं एकत्र ओढत होती. नववा पाईप वर आला तेव्हा मी आट्यांवरून अंगठा फिरवला, तर लोखंडाची खपली बिस्किटासारखी हातात आली. मेकॅनिकने मान हलवली. दुभाषी म्हणाला, पाईप बरोबर नाहीत म्हणतोय. मी म्हटलं, आटे साफ करा, धागा गुंडाळा, अजून पाच-सात वर्षं जातील. तो काही बोलला नाही.

संध्याकाळी चारला पाणी आलं. आधी लालभडक, मग अर्ध्या-पाऊण तासाने स्वच्छ. एका आजींनी ओंजळभर तोंडावर मारलं आणि माझे दोन्ही हात धरून "आप्वोयो, आप्वोयो", म्हणजे धन्यवाद, म्हणत राहिल्या. रविवारच्या उपासनेत लोकांनी अर्पण म्हणून मका, कोंबड्या, अंडी आणली आणि नंतर त्यांचा लिलाव झाला. आमच्या हंगामाच्या सणाला होतो अगदी तसाच. मार्चमध्ये मी मंडळीत साक्ष दिली, म्हणजे हा अनुभव सगळ्यांसमोर सांगितला. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

एप्रिलमध्ये मेकॅनिकचा पहिला निरोप आला. चहा काळा होतोय. पाण्यात लोखंड उतरलं की चहाच्या पत्तीशी मिळून शाईसारखा रंग येतो. जूनमध्ये कळलं की कपड्यांवर तांबूस डाग पडतात, पाण्याला गंजाची चव येते, आणि बायका परत खड्ड्यावर जायला लागल्या आहेत. हापसा चालू, पण पाणी कोणी भरत नाही. आणि आता नववा पाईप.

माझा सगळा राग त्या संस्थेवर होता. रंगाच्या डब्यांना पैसे आहेत, पाईपांना नाहीत! माझ्या एकट्याच्या तिकिटात त्या बोअरचे बाराही पाईप नवे आले असते. दोन स्टार देऊन हे संपवणार होतो.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं. काल रात्री भाच्याला शेजारी बसवून मेकॅनिकशी व्हिडिओवर बोललो, आणि वरचं सगळं तसंच ठेवून पुढचं लिहितो आहे.

तिथल्या बऱ्याच भागांत जमिनीतलं पाणी आंबट आहे. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साडेसहाच्या खाली गेला की जीआयवरचा जस्ताचा थर टिकत नाही, मग पाणी लोखंड खातं. आपल्याकडे बेसाल्टमधलं पाणी जड, क्षारांचं. त्यात तोच पाईप वर्षानुवर्षं जातो, म्हणून मी छातीठोकपणे पाच-सात वर्षं म्हणालो. युगांडाच्या सरकारने २०१६ मध्येच हापशांना जीआय पाईप बसवणं थांबवलं आहे. त्या मेकॅनिकला हे माहीत होतं. "त्या दिवशी मी हेच सांगत होतो," तो म्हणाला. "तुम्ही वयाने मोठे, पाहुणे, आणि हा पंप तुमच्या गावचा. मग गप्प बसलो."

रात्रभर झोप आली नाही. संस्थेने पाईपांना पैसे दिले नाहीत हे खरं, पण मी मागितले कुठे? कुजलेले पाईप परत आत सोडायला मीच सांगितलं. पीएच तपासायच्या कागदी पट्ट्यांचं पाकीट दीडशे रुपयांना मिळतं. १ लाख ३८ हजारांच्या प्रवासात ते माझ्या बॅगेत नव्हतं. तुम्ही पाण्याच्या कामाला कुठेही जाणार असाल तर ते न्याच. आणि पहिल्या दिवशी तिथल्या मेकॅनिकला शोधून काढा, दुभाष्याला सोबत घ्या, त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत आपण बोलू नका. संस्थेला विनंती आहे की एक गट कमी न्यावा आणि त्या पैशात अशा माणसाला वर्षभर काम द्यावं. तो तिथेच राहतो, एका निरोपावर येतो, त्याला विमान लागत नाही. भिंतीबद्दलचं माझं मत तेच आहे.

गावच्या पाणी समितीने सूर्यफूल विकल्यावर घराघरातून वर्गणी काढली. सात पाईप बाद आहेत, स्टेनलेसचे हवेत. तीन पाईपांपुरते पैसे त्यांच्याकडे जमले. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, हे मला भाच्याने पुन्हा विचारल्यावर कळलं. उरलेल्या चारचे मी आज सकाळी पाठवले. पुढच्या फेब्रुवारीचा फॉर्म पाळकसाहेबांनी दिला होता, तो भरलेला नाही.

पाईप बुधवारी बसतील. मेकॅनिकला सांगितलंय, पाण्याचा फोटो नको, त्या पाण्याचा चहा झाला की चहाचा पाठव.