पोरासाठी फुटबॉल क्लब: सावंतवाडीतून गोव्यात, एक अख्खा सीझन काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग गजाली. क्लबचं नाव, जर्सीवरचा लोगो, लीग कितव्या दर्जाची, हे सगळं नंतर बघा. तुमचं पोर मॅचच्या दिवशी प्रत्यक्ष किती मिनिटं मैदानात असतं आणि त्याच्या बॅचला रोज नक्की कोण शिकवतं, एवढं बघितलं की निम्मं काम झालं. मी हे तीन ठिकाणं वापरून सांगतेय: आधी सावंतवाडीतलं टर्फवालं, म्हणजे जाळी लावलेल्या खोट्या गवताच्या मैदानावरचं, कोचिंग, मग बार्देशातलं एका मोठ्या नावाचं सेंटर, आणि आता गेला पूर्ण सीझन पेडणे तालुक्यातल्या एका गावचा क्लब. नावं कुणाचीच घेत नाही, छोट्या जागा आहेत, उद्या बाजारात समोर भेटतात.

आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की हातात बॅट देतात आणि अंडरआर्मच्या मॅचला मंडप घालतात, त्यात आमच्या झिलाला फुटबॉलच पाहिजे. सिंधुदुर्गातून फुटबॉलसाठी बाहेर पडायचं तर दोन दिशा, वर घाट चढून कोल्हापूर नाहीतर खाली बांदा-पत्रादेवी करून गोवा. कोल्हापूरचं वेड सगळ्यांना माहीत आहे, पेठापेठांचे संघ, शाहू स्टेडियमची गर्दी, आणि २०१७ ला आपल्या देशात १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला तेव्हा भारताच्या टीममधला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण आंबोलीच्या धुक्यातून आठवड्यातून तीनदा कोण जाणार-येणार, तिकडे घालायचं म्हणजे हॉस्टेलच, आणि अकरा-बारा वर्षांच्या पोराला हॉस्टेलला ठेवायची माझी तयारी नाही, सासूबाईंची तर त्याहून नाही. गोवा तासाभरावर. शिवाय गोव्याचं फुटबॉल म्हणजे नुसती हवा नाही, २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात सीझन देशाची सगळ्यात मोठी लीग गोव्याच्याच क्लबांनी जिंकली, धेंपो, चर्चिल, साळगावकर आलटून-पालटून. त्याचा फायदा असा की तिकडे गावोगावी मैदान आहे आणि मैदानाच्या कडेला उभा राहून चुका काढणारा एखादा जुना प्लेअर तरी आहेच.

आता लीगचं. "आमचा टूर्नामेंट खेळतो" आणि "आमचा लीग खेळतो" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि इथेच बहुतेक पालकांची गल्लत होते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, मग विभाग अशा वर चढत जातात, आपला विभाग कोल्हापूर, म्हणजे जिल्ह्यात कितीही उड्या मारल्या तरी पुढे कोल्हापूरच्या पोरांशी गाठ. सुब्रतो कप पण शाळांचाच, १९६० पासून चाललाय, नाव मोठं आहे, खेळलाच पाहिजे. पण या सगळ्या बहुतेक नॉकआउट. हरलात की बॅगा उचला. मग सर काय करणार, जिंकायला सगळ्यात दांडगी अकरा पोरं उतरवणार आणि बाकीची टॉवेल-बाटल्या सांभाळणार. म्हणजे वर्षभर प्रॅक्टिस करायची आणि मॅच मिळणार एक, ती पण मिळाली तर. लीगमध्ये हरलं तरी पुढच्या आठवड्यात मॅच आहेच, त्यामुळे कोचला कच्च्या पोराला उतरवायची छाती होते, आणि पोरालाही गेल्या आठवड्यात जे चुकलं ते लगेच सुधारून बघता येतं. आमच्या तालुक्यात लहान मुलांची अशी सलग चालणारी लीग मला तरी मिळाली नाही, गोव्यात जीएफएच्या, म्हणजे गोवा फुटबॉल असोसिएशनच्या, वयोगटाच्या लीग आहेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

टर्फवाल्या कोचिंगबद्दल वाईट बोलणार नाही. सुरुवातीला तेच बरं. छोटं मैदान, पाच-सहा जण, बॉलला सारखा पाय लागतो, पोरगं घाबरत नाही. पण तिथल्या वीकेंड टूर्नामेंट म्हणजे दहा-दहा मिनिटांच्या मॅच, रात्री अकरापर्यंत लाइट, डीजे, आणि गुडघ्याएवढ्या पोरांना फुटभर उंच ट्रॉफ्या. बॉल जाळीवर आपटून परत येतो त्यामुळे बाहेर जाऊ द्यायचा नाही ही सवयच लागत नाही. आमचा मोठ्या मैदानावर गेला तेव्हा पहिले काही आठवडे जाळी शोधत होता बिचारा.

मग मोठ्या नावाचं सेंटर. ट्रायल झाली, घेतलं, घरात पेढे वाटले. शिकवणं खरंच चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. कोचकडे एआयएफएफचं, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनचं, कोचिंगचं डी लायसन्स, प्रत्येक सेशन लिहून आणलेलं, वॉर्मअप, कूलडाऊन, सगळं वेळेवर. पण मॅचला आमचा बेंचवर. शेवटची दहा मिनिटं उतरवायचे, ती पण आपण तीन-शून्यने पुढे असू तर. कारण सरळ होतं, तो नोव्हेंबरचा. वयोगट १ जानेवारीला कापतात, त्यामुळे एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबरमध्ये जन्मलेला एकत्र खेळतात, आणि या वयात दहा महिने म्हणजे खांद्याएवढा फरक पडतो. दांडगं पोरगं आज मॅच जिंकून देतं म्हणून त्याला मिनिटं मिळतात, मिनिटं मिळाली म्हणून तो सुधारतो, सुधारला म्हणून निवडला जातो. जगभरच्या अकॅडम्यांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त दिसतात त्याचं कारण हेच. डिसेंबरवाल्यांच्या आयांनो, हे ट्रायलच्या आधीच कोचला विचारा.

वयावरून आठवलं. समोरच्या टीमचा एखादा गडी मिशी फुटलेला दिसला की पालक लगेच वय चोरलंय म्हणून ओरडतात. चोरतात पण, नाही असं नाही, म्हणून तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, टीडब्ल्यू थ्री म्हणतात त्या टेस्टला. पण काही पोरं खरोखरच लवकर वाढतात, त्यांच्यावर आरडाओरडा करून काय मिळतं.

अजून एक गोष्ट मोठ्या नावांबद्दल. नाव क्लबचं असलं तरी सेंटर क्लब स्वतः चालवतो का दुसरंच कोणी नाव घेऊन चालवतंय ते विचारा. आणि सरळ प्रश्न टाका: माझ्या पोराचं रजिस्ट्रेशन कोणाच्या नावावर होणार आणि तुमची ही बॅच कुठली लीग खेळणार? "बघू, पुढे सिलेक्शन होईल" असं उत्तर आलं तर तुम्ही क्लबला नाही, क्लासला फी भरताय. क्लास पण चालतो, फक्त तेवढं कळून भरा. एआयएफएफच्या सीआरएस नावाच्या खेळाडू-नोंदणीच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये खेळाडू एका वेळी एकाच क्लबकडे असतो, मधेच बदलायचं तर ट्रान्सफरची भानगड, म्हणून आम्ही सीझन संपेपर्यंत थांबलो आणि मगच हललो. स्पेन टूर, दुबई टूर वगैरे पत्रकं आली तर सरळ रद्दीत.

कागदपत्रांचं आत्ताच उरकून टाकते. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, फोटो. तिन्ही कागदांवर नावाचं स्पेलिंग आणि तारीख एकच पाहिजे. आपल्याकडे बरीच बाळंतपणं गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात होतात, दाखला गोव्याचा, आधार महाराष्ट्राचा, आडनाव एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरंच. ते दुरुस्त करायला लागतो तेवढा वेळ पोराला ड्रिबलिंग शिकायला लागत नाही.

आता सध्याचा क्लब. गावचं मैदान, एका बाजूला माड, एका बाजूला देवळाची कंपाउंड वॉल, जमीन तांबडी. कोच दिवसा नोकरी करतात, स्वतः गोव्याच्या लीगमध्ये खेळलेले, बोलणं थोडं आणि कोकणीत. मालवणी पोरांना काही अडत नाही, दोन दिवसात "बॉल दी रे" सुरू. पहिल्याच दिवशी मी विचारलं, सर, मॅचला किती खेळवणार? म्हणाले, "बाई, प्रॅक्टिसला आला तर अर्धी मॅच नक्की, मग जिंको का हरो." आणि पाळलं त्यांनी. सीझनच्या सुरुवातीला आमची टीम दणकून हरत होती, पाच-सहा गोल सहज खायचो, पालकांच्या ग्रुपवर कुरकुर सुरू झाली की अमुकला काढा तमुकला ठेवा. सरांनी कुणाला काढलं नाही. दुसऱ्या फेरीत त्याच टीमशी दोन-एक, एक-एक व्हायला लागलं. आमचा झील डाव्या बाजूला खेळतो, अजून बुटकाच आहे, पण आता बॉल यायच्या आधी मान वळवून बघतो. हे त्याला बेंचवर बसून आलं नसतं.

तोटे पण सांगते, नाहीतर म्हणाल जाहिरात करते. गोलकीपरला वेगळा कोच नाही. फ्लडलाइट नाही, डिसेंबरात सहाला अंधार की घरी. टॉयलेट यथातथाच, टीममध्ये दोन मुली आहेत त्यांच्या आयांनी शेवटी शेजारच्या घराशी बोलून सोय केली, क्लबने ही गोष्ट स्वतःहून करायला हवी होती. क्रिकेटची टूर्नामेंट लागली की मैदान गेलं. जत्रेला गेलं. चवथीला तर दोन्ही राज्यं बंदच, त्याला माझी काही तक्रार नाही. आणि प्रॅक्टिस कॅन्सल झाल्याचा मेसेज आपण पत्रादेवी ओलांडल्यावर येतो, हे एवढं तरी सुधारा हो सर. जत्रेच्या दिवसांत पोरं रात्रभर दशावतार बघून सकाळी मॅचला येतात, एक बॅकवाला तर कॉर्नरला उभ्याउभ्या पेंगत होता.

पायाचं मात्र मनावर घ्या. तांबडी जमीन पावसाळ्यात चिखल आणि दिवाळीनंतर दगड. लांब स्टडचे बूट त्या कडक जमिनीवर घालून आमच्याची टाच दुखायला लागली, सकाळी उठल्यावर लंगडायचा. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं सेव्हर्स, साधारण आठ ते चौदा वयाच्या पळणाऱ्या पोरांना होतं, टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग ओढला जातो. घाबरण्यासारखं नाही, पण विश्रांती, बर्फ, बुटात टाचेखाली मऊ पॅड, आणि कडक जमिनीवर बारीक रबरी स्टडवाले टर्फ शूज. आता दोन जोड ठेवलेत, पावसाचे वेगळे. त्याच डॉक्टरांनी एक हिशेब दिला तो मला फार पटला: पोराचं वय जेवढं, त्याहून जास्त तास आठवड्याला ठरवून दिलेलं ट्रेनिंग नको, आणि आठवड्यात एखादा दिवस पूर्ण सुट्टी. क्लब, शाळा आणि टर्फ तिन्हीकडे एकदम पळवणाऱ्या पालकांनी हा आकडा एकदा घालून बघावा.

खाण्याचं विचारतात बऱ्याच जणी. सकाळच्या मॅचला आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज, मिठाचं बोट, सोबत लोणच्याची फोड. महागड्या पावडरी काही नाहीत. बाटलीत कोकम सरबत, मीठ जरा चढं. मॅच संपल्यावर समोरच्या टीमची पोरं पण तेच मागतात.

खर्च म्हणाल तर क्लबची फी किरकोळ, खरा पैसा पेट्रोलमध्ये जातो आणि खरा त्रास वेळेचा. शाळेतून चारला आणा, गाडीतच खायला घाला, आठला परत, मग होमवर्क. आम्ही चार घरांनी मिळून पाळ्या लावल्यात म्हणून जमतंय, एकट्याच्या जीवावर कोणी हे काढायला जाऊ नका, नवरा-बायकोची भांडणं ठरलेली. पोरगं आठ-नऊ वर्षांचं असेल तर गोवाबिवा काही नको, एआयएफएफने २०१८ ला सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी बेबी लीग सुरू केल्या त्या मागची कल्पनाच ही की लहान पोरांनी घराजवळ, छोट्या मैदानावर, कमी गड्यांत भरपूर खेळावं. तुमच्या आळीत चार पालक मिळाले तर रविवारी शाळेच्या मैदानावर तसं काहीतरी स्वतःच चालू करता येतं, चार नंबरचा बॉल आणि दोन-दोन चपलांचे गोल पुरतात.

क्लब बघायला जायचं तर मॅचच्या दिवशी नको, मंगळवारी-बुधवारी न सांगता प्रॅक्टिसला जा. रांगेत उभी राहून पाळीची वाट बघणारी पोरं जास्त का बॉल पायात असलेली जास्त, ते मोजा. सगळ्यात कच्च्या पोराशी कोच कसा बोलतो ते ऐका. मग मैदानाबाहेर थांबलेल्या एखाद्या आईला विचारा, तुमच्या पोराला गेल्या रविवारी किती वेळ खेळवलं. ती खरं सांगते.

आम्ही पुढच्या सीझनला इथेच आहोत. वयोगट बदलतोय, बॉल पाच नंबरचा होणार, आणि आमचा परत गटातला सगळ्यात बुटका. चार घरांपैकी एकांची बदली झालीय, त्यामुळे जूनपासून गाडीत एक सीट रिकामी आहे. सावंतवाडी, इन्सुली, बांदा या रस्त्यावरचं कोणी असेल तर कळवा, मंगळवार-गुरुवारची पाळी मात्र घ्यावी लागेल.