नागपूरच्या सीताबर्डीवरचं हार्ड डिस्कवालं दुकान – चार स्टार

दोन महिन्यांपूर्वी इथून ४ टीबीच्या दोन साध्या डेस्कटॉप डिस्क घेतल्या, घरच्या लिनक्स सर्व्हरवर मिरर रेड करायला (म्हणजे दोन्ही डिस्कवर सारखाच डेटा, एक गेली तरी दुसरी आहेच). मे महिन्यात एक डिस्क सारखी रेडमधून बाहेर पडे. सर्व्हरच्या लॉगमध्ये कमांड टाइमआउट (डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही), मग 'हार्ड रिसेटिंग लिंक' (डिस्कची जोडणी नव्यानं सुरू), पुन्हा तेच. मला वाटलं नागपूरच्या उन्हानं गेली बिचारी, घेऊन गेलो रिप्लेस करायला.

काउंटरवरच्या दादानं डिस्क हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, रेडमध्ये लावली होती का?" मग चहा सांगून समजावलं, की लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारं सॉफ्टवेअर, एका कमांडसाठी ३० सेकंद थांबतो, पण साधी डिस्क खराब सेक्टर (डिस्कवरचा बारीक तुकडा) वाचायला मिनिट-दोन मिनिटं झटत बसते अन् तेवढ्यात उत्तरच देत नाही, म्हणून ड्रायव्हर लिंक रिसेट मारतो आणि रेडला वाटतं डिस्क मेली. नासवाल्या (नेटवर्क स्टोरेजसाठी बनवलेल्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून एरर देतात, मग रेड तो डेटा दुसऱ्या डिस्कवरून घेतं. माझ्या डिस्कमध्ये ती लवकर हार मानायची सेटिंगच नव्हती, म्हणून त्यानं ड्रायव्हरचा टाइमआउट ३० चा १८० सेकंद करून दिला, रीबूटनंतर हा बदल जातो म्हणून तो आपोआप पुन्हा लावणारी स्क्रिप्टही टाकली. पैसे शून्य.

एक स्टार कापला कारण हे विकतानाच विचारायचं होतं ना राव! अन् पार्किंगचं तर नावच नका काढू.