हॅमस्टर-जर्बिलचं अंथरूण: लाकडाचा भुसा की कागद?

जर्बिल म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी. त्याच्या नाकाखाली लालसर खपली दिसली की रक्त आलं म्हणून जीव घाबरतो. बहुतेकदा ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून झिरपणारं पॉर्फिरिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं. ते साचलं की कातडी चुरचुरते, तिथले केस जातात. अशा वेळी मी आधी अंथरूण बघते.

सीडर किंवा पाइनच्या भुशाला छान वास येतो, पण तो वास म्हणजे हवेत उडणारी तेलंच, इवल्याशा नाकाला झोंबणारी. सीडर तर नकोच नको. कागदाला वास नाही, ओलही शोषतो. मात्र मूठभर झटकून बघा. धूळ उडाली तर तोही नको. नुसत्या कागदात बिळं ढासळतात, सुकं गवत मिसळलं की टिकतात. तरीही खपली राहिली, तर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.