पॅन-अमेरिकन की कैरो–केपटाउन? आधी रस्ता कुठे तुटतो ते बघा

स्वतःच्या गाडीने अख्खा खंड उभा पार करायचं मनात घेतलं की बहुतेकांच्या तोंडी दोनच नावं येतात. एक पॅन-अमेरिकन महामार्ग: अलास्कातल्या प्रुडो बेपासून अर्जेंटिनातल्या उशुआयापर्यंत, १४ देश, साधारण ३०,००० किलोमीटर. दुसरा कैरो–केपटाउन: कागदावर १०,२२८ किलोमीटर, इजिप्त, सुदान, इथिओपिया, केनिया, टांझानिया, झांबिया असं करत थेट खंडाच्या दक्षिण टोकाला. दोन्हींची तुलना करताना माणसं आधी लांबी बघतात. मला विचाराल तर लांबी सगळ्यात शेवटी बघावी. दोन्ही रस्ते आज अखंड नाहीत. एक जंगलात तुटतो, दुसरा युद्धात तुटलाय, आणि तुमचा निर्णय बराचसा इथेच ठरतो.

पनामातल्या याविसा गावात पॅन-अमेरिकन संपतो. पलीकडे कोलंबियात तो पुन्हा सुरू होईपर्यंत शंभरेक किलोमीटर दारिएनचं जंगल आणि दलदल आहे. या महामार्गाची कल्पना १९२३ची, देशांमधला करार १९३७चा, आणि तरी एवढा तुकडा राहूनच गेला. सत्तरच्या दशकात अमेरिका त्यासाठी पैसा द्यायला तयार होती. पण दक्षिणेतल्या गुरांचा लाळ्या-खुरकूत रस्त्यावाटे उत्तरेत येईल ही धास्ती होती, जंगलाचं आणि तिथे राहणाऱ्या आदिवासींचं काय होईल हा प्रश्न होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि काम थांबलं ते थांबलंच. १९६०मध्ये एका मोहिमेने लँड रोव्हर आणि जीप या जंगलातून पार नेल्या होत्या, त्याला चार महिन्यांहून जास्त लागले. तुम्ही तो विचारही करू नका. तिथे सशस्त्र टोळ्या आहेत, आणि उत्तरेकडे पायी निघालेल्या कितीतरी लोकांनी त्या वाटेवर जीव गमावलाय.

पण ही तूट भरवशाची आहे, आणि प्रवाशाच्या दृष्टीने हीच तिची मोठी जमेची बाजू. पनामातल्या कोलोनला गाडी कंटेनरमध्ये चढवायची, आपण विमानाने जायचं आणि कोलंबियातल्या कार्ताहेनाला ती उतरवून घ्यायची. कंटेनर बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या प्रवाशासोबत अर्धा-अर्धा वाटून घेतात. त्याआधी पनामा सिटीत पोलिसांची तपासणी होते. बॉनेट उघडून इंजिनवरचा आणि चासीवरचा नंबर कागदाशी एकेक अक्षर लावून पाहतात. देशात शिरताना सीमेवर मिळालेल्या तात्पुरत्या आयात परवान्यात एक आकडा जरी चुकला असला तरी गाडी जहाजावर चढत नाही, चूक दुरुस्त करायला परत हेलपाटे. म्हणून प्रत्येक सीमेवर, खिडकीपासून हलायच्या आधी, तो कागद गाडीजवळ नेऊन नंबर ताडून बघायची सवय लावा. मेक्सिकोपासून लावली तर पनामापर्यंत अंगवळणी पडते.

आफ्रिकेची गोष्ट उलटी. इथे डांबर कधी नव्हे इतकं चांगलं झालंय. केनियातला इसिओलो–मोयाले हा पट्टा एकेकाळी गाड्या खिळखिळ्या करण्यासाठी कुप्रसिद्ध होता, आज तिथे सलग डांबरी रस्ता आहे. पूर्वी इजिप्तमधल्या अस्वानहून नासर सरोवरातून बोटीने सुदान गाठावं लागे. २०१४ला कुस्तुलची जमिनीवरची सीमा उघडली. झांबिया-बोट्सवाना सीमेवर, झांबेझी नदीवर काझुंगुलाला ट्रक तराफ्यासाठी दिवसेंदिवस ताटकळत, तिथे मे २०२१मध्ये ९२३ मीटरचा पूल झाला. सगळं जुळून येत असतानाच एप्रिल २०२३मध्ये सुदानात सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. कोटीहून जास्त माणसांना घरदार सोडावं लागलं. त्या लोकांच्या हालांपुढे आपला प्रवास अडला हे काहीच नाही, पण ठरवताना ते धरून चालावंच लागतं. सुदानच्या पलीकडे इथिओपियातला अम्हारा प्रांतही २०२३पासून धुमसतोय, आणि सुदानहून येणारा नेहमीचा रस्ता त्यातूनच जातो.

म्हणजे आज कैरोहून निघून केपटाउनला पोहोचायचं तर मधला मोठा तुकडा गाडी जहाजाने न्यावी लागेल, आणि केनियातलं मोंबासा बंदर हा त्यातला सरळ पर्याय. मग इजिप्तचा खटाटोप करायचा कशाला? तिथे गाडीसाठी कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती देशात आणून परत नेण्याची हमी देणारं कस्टम्सचं कागदपत्र, लागतंच. ते तुमच्या देशातल्या मोटार संघटनेकडून काढायचं असतं, आणि त्यापोटी मोठी अनामत अडकून पडते. शिवाय गाडीला तात्पुरत्या अरबी नंबरप्लेट घ्याव्या लागतात. फक्त पिरॅमिडसमोर गाडीचा फोटो हवा म्हणून एवढं करू नये असं मला वाटतं. सुदान शांत होईपर्यंत उत्तरेकडचा भाग राखून ठेवा. नैरोबी ते केपटाउन हा साडेपाच-सहा हजार किलोमीटरचा प्रवास तेवढ्यावरही भरगच्च आहे.

आता रोजच्या गाडी चालवण्याचं. केनियापासून खाली सगळीकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला आफ्रिका सोपी जाते. अमेरिका खंडाच्या या मार्गावर सगळे देश उजवीकडून चालवतात, तिथे उजव्या स्टिअरिंगने ओव्हरटेक करणं म्हणजे शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांवर विसंबणं. भाषेचा हिशोब मात्र पॅन-अमेरिकनच्या बाजूने पडतो. मेक्सिकोत कामापुरती स्पॅनिश शिकलात की ती उशुआयापर्यंत पुरते. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत इंग्रजीवर भागतं, चार शब्द स्वाहिली आली तर टांझानियात माणसं मोकळी होतात.

सीमांची दमछाक दोन्हीकडे आहे. मध्य अमेरिकेत देश छोटे, त्यामुळे दर दोन-चार दिवसांनी नवी सीमा, नवा विमा, नव्या झेरॉक्स. आफ्रिकेत सीमा कमी, पण ट्रकांच्या रांगा लांब. टांझानिया-झांबियामधलं टुंडुमा त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे रांग दिसली म्हणून मागे उभं राहू नका. ती मालवाहू ट्रकांची असते, छोटी गाडी कडेने पुढे चौकीपर्यंत नेतात.

आणि मन कशावर येतं तेही बघा. पॅन-अमेरिकनच्या उत्तर टोकाला ६६६ किलोमीटरचा डाल्टन हायवे आहे, बराचसा खडीचा, तेलवाहिनीच्या कामासाठी बांधलेला. कोल्डफूट ते डेडहॉर्स जवळपास ३८५ किलोमीटर ना पेट्रोल पंप, ना पंक्चरवाला. समोरून ट्रक आला की वेग कमी करून कडेला घ्यायचं, नाहीतर उडालेला दगड थेट काचेवर. लोक दोन स्टेपन्या घेऊन जातात ते उगीच नाही. टांझानियात मिकुमीचं अभयारण्य आहे. दार-एस-सलामहून झांबियाकडे जाणारा मुख्य महामार्ग त्याच्या मधून जवळपास पन्नास किलोमीटर जातो. रस्त्यावर ट्रक आणि कडेला जिराफ, असं चाललेलं असतं. जनावराला धक्का लागला तर प्राण्यागणिक दंड ठरलेला आहे. अंधार पडायच्या आत हा पट्टा ओलांडा.

हाताशी वर्षभर असेल आणि ते आधी आखून ठेवावं असं वाटत असेल तर पॅन-अमेरिकन घ्या. जून-जुलैत अलास्काहून निघालात की डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, उशुआयाला पोहोचता. तीनच महिने असतील तर हा मार्ग नकोच. दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर कापत गेलात तर अँडीजही काचेतूनच बघाल. अशा वेळी नैरोबी–केपटाउन करा. निघायचा महिना जून धरा. पूर्व आफ्रिकेतला मोठा पावसाळा तोवर ओसरलेला असतो, खाली बोट्सवानात कोरड्या दिवसांत जनावरं पाणवठ्यांवर गोळा होतात. वाटेत नामिबियाकडे वळलात आणि ऑगस्टअखेरीस तिथून दक्षिण आफ्रिकेत उतरलात, तर नामाक्वालँडच्या माळांवर केशरी-पिवळी रानफुलं उमललेली सापडतात. तिथून केपटाउन एका दिवसाच्या अंतरावर आहे.