पाच रेकॉर्ड, नऊ महिने

गेल्या सप्टेंबरात एक जुनं टर्नटेबल घेतलं आणि त्याच दिवशी स्वतःलाच अट घातली: जुनं संगीत घ्यायचं नाही. पिंक फ्लॉइड नाही, बीटल्स नाही, आबा (स्वीडनचा जुना पॉप बँड, ABBA) तर अजिबात नाही. कोपनहेगनमध्ये राहून चौथं वर्ष लागलं तरी इथलं, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वे-स्वीडनचं, आत्ताचं गाणं मला माहीतच नव्हतं. ऑफिसात विषय निघाला की माझी गाडी आबापाशी अडायची आणि समोरचा कसनुसं हसायचा. म्हणून हा उद्योग. नऊ महिन्यांत पाच एलपी जमल्या. पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर आवडीचा क्रम बरोबर उलटा लागला असता.

पहिली घेतली 'द हाइव्हज फॉरेव्हर फॉरेव्हर द हाइव्हज', ऑगस्ट 2025 ची. हाइव्हज हा स्वीडनमधल्या फागेर्स्टा गावचा बँड. हे गाव पोलादाच्या कारखान्यांचं. काळ्या-पांढऱ्या जुळ्या कपड्यांत ही मंडळी गेली तीस वर्षं एकच काम करताहेत: छोटं गाणं, भरधाव गिटार आणि वर पेले आल्मक्विस्टचं आरडाओरड करणं. पोह्यांसाठी कांदा चिरायला घ्यावा आणि लिंबू पिळेपर्यंत रेकॉर्ड संपावी, एवढाच तिचा जीव. पहिले दोन आठवडे दुसरं काही लावलं नाही. नोव्हेंबरपासून ती फक्त शनिवारी, घर झाडताना लागते. ही तक्रार समजू नका, घर चकाचक असतं. पण पहिल्या दिवशी तिने जे दिलं त्याहून जास्त काही आजवर दिलेलं नाही.

आता जिच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं ती. स्मर्ज या जोडगोळीची 'बिग सिटी लाइफ', मे 2025. कॅथरिना स्टोल्टेनबर्ग आणि हेनरिएट्टे मोट्झफेल्ट, दोघी ओस्लोच्या. रेकॉर्ड काढली मात्र एस्को या कोपनहेगनच्या छोट्या कंपनीने. घरी आणून लावली आणि पहिला विचार आला, सुई नीट बसली नाहीये. पियानो असा वाजतो जणू शेजारच्या खोलीत कुणी सराव करतंय. ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा. आणि या दोघी गातच नाहीत, फोनवर मैत्रिणीला काल रात्री काय झालं ते सांगतात तशा बोलतात. सव्वादोनशे क्रोन गेले म्हणून मी दोन दिवस हळहळत होते.

डिसेंबरात आई आली होती. इथे तेव्हा पावणेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे संध्याकाळी घरात रेकॉर्ड लावणं हाच कार्यक्रम. आईचे कान भावगीतावर तयार झालेले. तिने पूर्ण एक बाजू शांतपणे ऐकली आणि विचारलं, "ही आवाज कधी लावणार?" मी हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण मलाही तेच खटकत होतं. मग पुढच्या वेळी मी वाटच बघत बसले, की लावते का कधी. नाही लावत. 'यू गॉट टाइम अँड आय गॉट मनी' या गाण्यात संथ ताल आहे, मागे व्हायोलिनांचा ताफा आहे, जुन्या हिंदी सिनेमात नायिका जिना उतरताना असावा तसा. कुठलीही दुसरी गायिका तिथे गळा मोकळा सोडेल. ही सोडत नाही. सपाट, जरा कंटाळलेल्या आवाजात प्रेमाबद्दल सांगत राहते, आणि सगळा उमाळा त्या व्हायोलिनांवर टाकून देते. हे कळलं आणि रेकॉर्ड उलगडली. नवख्या शहरात एकटीने बाहेर पडणं, आज काय घालू, तो आला असेल का, परतीची शेवटची गाडी... या गोष्टी कुणी आवाज लावून सांगत नाही. ज्या सुरात आपण त्या मनात बोलतो, त्याच सुरात त्या इथे येतात. मी पुण्याहून पहिल्यांदा इथे आले तेव्हा मेट्रोत स्वतःशी याच सुरात बोलत होते.

दोष? आहे. दुसऱ्या बाजूला एक-दोन तुकडे कच्चे वाटतात, मुद्दाम कच्चे ठेवलेत असं म्हणावं तरीही. आणि ही रेकॉर्ड चारचौघांत लावू नका. मी लावली होती, पाहुणे आपापसात बोलायला लागले आणि गाणं त्या बोलण्यात विरघळून गेलं, कुणाला पत्ताही लागला नाही.

एक गंमत पुढे लक्षात आली. या गावातली जी नवी नावं मी शोधत होते, त्यातली बरीच एकाच शाळेतून निघालेली. होल्मेन म्हणून जुना नौदलाचा भाग आहे, बंदराला लागून, तिथे रिदमिक म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. 1986 मध्ये सुरू झालेली, सरकारी. शास्त्रीय नव्हे, तर पॉप, रॉक, जॅझ शिकवणारी. डॅनिश मुलांना फी नाही, वर दर महिन्याला सरकारकडून शिक्षणभत्ता. मी सायकलवरून तिथून जाते तेव्हा बाहेरून वखारीसारखंच दिसतं सगळं. पण पोटाची काळजी न करता काही वर्षं चुका करायला मिळाल्या की काय होतं, ते या रेकॉर्डींत ऐकू येतं. खपेल का, हा प्रश्न गाण्यात डोकावत नाही. आणि तरी खपतंच. माझी भाची पुण्यात न्यूजीन्स या कोरियन गटाची भक्त आहे. तिचं लाडकं 'सुपर शाय' लिहिणाऱ्यांत एरिका डे कॅसिअर आहे, याच शाळेतली. भाचीला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तिला मावशीच्या गावात काहीतरी अर्थ दिसला.

एम. एल. बुक हीसुद्धा तिथलीच. तिची 'सनटब' 2023 ची, माझ्याकडच्या पाचांत सर्वांत जुनी. हिच्या बाबतीत माझं नशीब खोटं. आणलेली प्रत वाकडी निघाली, टर्नटेबलवर तव्यावरच्या करपत्या पापडासारखी वरखाली व्हायची. दुकानाने (नाव नको) पहिल्यांदा ऐकूनच घेतलं नाही, दुसऱ्यांदा मी फोनवर व्हिडिओ दाखवला तेव्हा बदलून दिली. तोवर जानेवारी उजाडला, आणि हिवाळ्यात ही रेकॉर्ड मला अजिबात लागू पडली नाही. सात तारांची गिटार, तिचे स्वर गुळगुळीत, ओले, चकचकीत. आंघोळीनंतर धुरकटलेल्या आरशावर बोट फिरवावं तसं काहीतरी. बाईंनी आवाज स्वतःच्या गाडीत बसून रेकॉर्ड केला, बाहेर उघड्यावर गाडी लावून. हे वाचून मी काचा वर केलेल्या गाडीची शांतता त्यात शोधत होते, ती सापडली मेमध्ये. रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतं, खिडक्या उघड्या, बाहेर सायकलींचे आवाज. मग सगळं जागेवर बसलं. घ्यायची असेल तर एप्रिलनंतर घ्या. विनोद नाही करत.

जेनी व्हाल या नॉर्वेजियन बाईंच्या 'आयरिस सिल्व्हर मिस्ट'बद्दल थोडक्यात: नाव एका अत्तराचं, विषय वास, रंगमंच, साथीच्या काळात हरवलेले कार्यक्रम. हुशार आहे. माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि तसं मला दर वेळी जाणवून देते. पाचदा ऐकली. मित्राला दिली, त्याला प्रचंड आवडली.

राहिली ॲस्ट्रिड सॉने. बॉर्नहोल्म बेटावरची, मूळची व्हायोला वाजवणारी. (व्हायोला म्हणजे व्हायोलिनची मोठी बहीण, आवाज जरा घोगरा.) आधी ती बहुतेक वाद्यसंगीतच करायची. जानेवारी 2024 च्या 'ग्रेट डाउट'मध्ये ती मनापासून गायला लागली. नऊ तुकडे, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर सगळा मामला. एका गाण्यात मराया कॅरीचं जुनं 'माय ऑल' सोलून, फक्त गर ठेवलाय.

पण मला धरून ठेवलं 'डू यू वॉना'ने. ढोल म्हणावा इतका मोठा ड्रम, थोडा पियानो, आणि एक साधा प्रश्न: तुला मूल हवंय का? उत्तर येतं, खरंच माहीत नाही. बस्स. 'हो' नाही, 'नाही' नाही, बंड नाही, रडणं नाही. मी चौतीस वर्षांची आहे, लग्नाला सहा वर्षं झाली. या प्रश्नाची जी रूपं मला ठाऊक आहेत ती सगळी 'गोड बातमी' या शब्दांत गुंडाळून येतात, आणि माझी उत्तरंही तशीच गुंडाळलेली जातात: बघू, सध्या कामं खूप आहेत, देवाची इच्छा.

परवा आत्याचा फोन आला. तब्येत, पाऊस, आंबे यंदा महाग, आणि मग नेहमीच्या ठिकाणी नेहमीचा प्रश्न. मी म्हणाले, "आत्या, खरंच माहीत नाही गं." पलीकडे एवढी शांतता की फोन कट झाला असं वाटलं. मग आत्या म्हणाली, "मला तरी कुठे माहीत होतं. तेव्हा कुणी विचारलंच नाही."

त्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो, आंब्यांबद्दल नव्हे.